यात्रेची रात्र बारापर्यंत असू द्या
(सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र)

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,


जोतिबाच्या किंवा शिखर शिंगणापूरच्या चैत्री यात्रेला लाखो माणूस जातो. एसटी जादा गाड्या सोडते, प्रशासन आधीपासून बैठका घेते, वाहिन्यांचे कॅमेरे येतात. हे पत्र त्या यात्रांबद्दल नाही. गुढीपाडव्यापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत पुणे, नगर, नाशिक, सातारा, सांगली या भागांत गावोगाव ग्रामदैवताच्या यात्रा भरतात. पंचक्रोशीबाहेर त्यांची कुणाला खबरही नसते. एक देऊळ, देवळापुढचा एक रस्ता आणि दोन दिवस, एवढाच त्यांचा पसारा. मी जुन्नर तालुक्यातला आहे. आमच्याकडे कुठे भैरवनाथ, कुठे मुक्ताबाई, कुठे काळोबा, कुठे मळगंगा. देव वेगळा, तिथी वेगळी, पण यात्रेची रीत सारखी. या छोट्या यात्रांच्या वतीने मी आपल्याकडे एकच मागणी करतो : यात्रेच्या रात्री तमाशाचा खेळ बारा वाजेपर्यंत चालवण्याची कायदेशीर मुभा प्रत्येक गावाला द्या. आज तो दहाला बंद करावा लागतो.

दोन तासांसाठी मंत्र्यांना पत्र कशाला, असे कुणाला वाटेल. पण त्या दोन तासांत काय जाते ते आधी ऐकून घ्यावे.

यात्रेचा पहिला दिवस पहाटेच्या अभिषेकाने सुरू होतो. मग मांडव-डहाळे निघतात. पूर्वी बैलगाड्यांतून, हल्ली ट्रॅक्टरमधून, हिरव्या फांद्या वाजतगाजत देवळाकडे येतात. शेरणी वाटली जाते. दुपारी उन्हाने रस्ता ओस पडतो आणि चार-साडेचारला पुन्हा फुलतो. दोन्ही बाजूंना पाले लागलेली असतात : रेवडी, गुडीशेव, जिलेबी, भेळ, कासाराच्या बांगड्या, पिपाण्या, भिंगऱ्या, आणि शाळेच्या मैदानावर पाळणा. मुंबईचे डबेवाले दरवर्षी एप्रिलमध्ये पाच-सहा दिवस डबे बंद ठेवतात ते याच यात्रांसाठी, कारण त्यांतले बरेचसे आमच्या मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर, अकोले या भागांतले. माथाडी कामगार येतात, पुण्या-ठाण्याला नांदणाऱ्या लेकी येतात. जे घर वर्षभर कुलूपबंद असते त्याचीही दारे उघडतात. दिवस मावळताना हारतुरे निघतात, मग पालखी. पालखी दारोदारी थांबते, सुवासिनी ओवाळतात, लेझीम आणि ताशा तिला पुढे सरकू देत नाहीत. देव देवळात परत येईपर्यंत साडेआठ-नऊ होतात. शोभेचे दारूकाम होते. माणसे घरी जाऊन पुरणपोळी खातात, पाहुण्यांना वाढतात, आणि अंथरायला सतरंजी घेऊन देवळासमोरच्या पटांगणात येऊन बसतात. आता तमाशा.

घड्याळात तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात.

आमच्या गावात दोन वर्षांमागे घडलेली गोष्ट सांगतो. तमाशाच्या फडाने गण म्हटला. गौळण सुरू झाली. कृष्ण, पेंद्या आणि गवळणी आल्या, मावशीने पहिल्याच वाक्याला पटांगण हसवले. समोर बायका बसल्या होत्या, पोरे मांडीवर होती, म्हाताऱ्यांनी घोंगड्या पसरल्या होत्या. रात्री कोणता वग होणार ते फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते आणि त्या वगासाठी शेजारच्या तीन गावांची माणसे आली होती. दहाला पाच मिनिटे असताना पोलिसांची गाडी आली. साहेबांनी कुणाला दमदाटी केली नाही. त्यांनी यात्रा कमिटीच्या अध्यक्षांना बाजूला घेतले, नियम सांगितला आणि दहाला ध्वनिक्षेपक बंद झाला. वग झाला नाही. लोक तासभर बसून राहिले, मग उठले. त्यानंतर कमिटीतली काही पोरे मॅनेजरला म्हणाली, खेळ अर्धा झाला तर सुपारीही अर्धीच मिळेल. मॅनेजर हात जोडून उभा होता. मागे ट्रकच्या आडोशाला मुली पायांतले चाळ सोडत होत्या. शेवटी वडीलधाऱ्यांनी मध्ये पडून बहुतेक पैसे दिले, पण पूर्ण दिले नाहीत. पोलिसांचे चुकले नव्हते आणि फडाचेही नव्हते. चूक ज्या व्यवस्थेत आहे ती दुरुस्त करणे शासनाच्या हातात आहे, म्हणून हे पत्र.

तमाशाचा क्रम आपल्याला ठाऊक आहेच. गण, गौळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग म्हणजे नाटक. पठ्ठे बापूरावांनी वग लिहिले, काळू-बाळूंचा ‘जहरी प्याला’ गावोगाव गाजला, दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’ने तर शहरातल्या नाट्यगृहांचेही पडदे उघडले. सावकार, पाटील, हुंडा, दारू, जमिनीचा तंटा, राजा-प्रधानाच्या आडून सरकारला विचारलेला जाब, हे सगळे खेड्यातल्या माणसाने पाहिले ते वगात. ज्या बाईला वर्षभर कोणत्याही नाटकाला जाता येत नाही, ती वर्षातून एकदा, आपल्या देवळासमोर, आपल्या माणसांत बसून वग पाहते. हा वग शेवटी असतो. म्हणून दहाच्या ठोक्याला सगळ्यात आधी तोच जातो.

पुढचा परिणाम याहून वाईट आहे. दरवर्षी वग मध्येच तुटतो हे कळल्यावर फडमालक काय करणार? तो वग बसवणे सोडून देतो. थोडाच वेळ मिळणार असेल तर त्यात सिनेमातली गाणी बसतात, आणि टाळ्या-शिट्ट्याही हमखास मिळतात. वगात काम करणारा नट घरी बसतो. सोंगाड्याला वाव राहत नाही. वग लिहिणारा शाहीर तर केव्हाच शेतमजुरीला लागलेला असतो. मग शहरातले जाणकार म्हणतात, तमाशाचा ऑर्केस्ट्रा झाला, परंपरा गेली. ती नुसती लोकांच्या आवडीने गेलेली नाही. आवड बदलली हे खरे आहे, मोबाईल आला हेही खरे आहे. पण ज्या कलेचा कळसाचा भाग रात्री साडेदहाला सुरू होतो तिला दहाला थांबवले, तर तिच्यात उरेल तेच लोक पाहतील आणि तेच मागतील.

आता कायद्याकडे येतो. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. हा नियम मला मान्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तो उचलून धरला, तेव्हा त्यामागे झोपू न शकणारे रुग्ण होते, तान्ही मुले होती, अभ्यास करणारे विद्यार्थी होते. त्याच नियमांत एक वाट ठेवलेली आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवाच्या प्रसंगी, वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस, रात्री दहा ते बारा परवानगी देण्याचा अधिकार राज्य शासनाला आहे. हे दिवस कोणते, ते शासनाने आगाऊ जाहीर करायचे. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूदही वैध ठरवली आहे.

अडचण आहे ती हे दिवस ठरवण्याच्या पद्धतीत. यादी जिल्ह्यासाठी एकच निघते. तिच्यात बहुधा शिवजयंती, आंबेडकर जयंती, महाराष्ट्र दिन, गणेशोत्सवातले आणि नवरात्रातले काही दिवस, दिवाळी, ईद-ए-मिलाद, ख्रिसमस, ३१ डिसेंबर हे असतात, आणि एखाद-दोन दिवस जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात राखून ठेवलेले असतात. या दिवसांना माझा आक्षेप नाही. पण गावाची यात्रा जिल्ह्याच्या तारखेला येत नाही, ती गावाच्या तिथीला येते. एका गावाची चैत्र पौर्णिमेला, शेजारच्याची अष्टमीला, पलीकडच्याची अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी. जिल्ह्यात शेकडो गावे आणि हातात शिल्लक दोन दिवस. जिल्हाधिकारी ते कुणाला देणार? म्हणून ते कोणालाच मिळत नाहीत. ज्या गावाची यात्रा योगायोगाने १४ एप्रिलला किंवा १ मेला आली त्याचा वग पुरा होतो, आणि त्याच्या शेजारच्या गावाचा, यात्रा २ मेला असल्यामुळे, अर्धा राहतो. आमच्या गावात ३१ डिसेंबरच्या रात्री दहानंतर चिटपाखरू जागे नसते. ती सवलत आमच्या नावाने दरवर्षी निघते आणि दरवर्षी वाया जाते.

तेव्हा माझे म्हणणे असे की हे राखीव दिवस जिल्ह्यावर न मोजता गावावर मोजा. ग्रामसभेने ठराव करावा की आमच्या ग्रामदैवताची यात्रा अमुक तिथीला, इंग्रजी तारीख अमुक, या एका किंवा दोन रात्री आम्हाला बारापर्यंत परवानगी हवी. ठराव तहसीलदारांकडे जावा, तालुक्याची यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी, आणि शासनाने ती माघ महिन्याच्या आत प्रसिद्ध करावी. यात्रेच्या तिथी काही ऐनवेळी ठरत नाहीत. पंचांग वर्षभर आधी छापलेले असते. कोणत्याही एका गावाच्या वाट्याला वर्षात पंधराहून जास्त दिवस येणार नाहीत, म्हणजे नियमाची मर्यादाही पाळली जाईल. या कामाला विधेयक नको, फक्त एक नीट विचारपूर्वक काढलेली अधिसूचना हवी.

हा विषय पर्यावरण विभागाचा आहे, बंदोबस्त गृह विभागाचा आहे, असे उत्तर येईल हे मला माहीत आहे. पण तमाशा आपल्या विभागाचा आहे. आपला विभाग दरवर्षी विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने तमाशा कलावंताला जीवनगौरव पुरस्कार देतो. प्रयोग चालू असताना बाळंत होऊन पुन्हा रंगमंचावर उभी राहिलेली ही बाई आमच्या नारायणगावची. तिच्या नावाचा पुरस्कार देणाऱ्या विभागाने त्या दोन विभागांपुढे तमाशाची बाजू मांडली नाही, तर दुसरे कोण मांडणार?

मंत्री महोदय, त्याच नियमांतल्या आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. बंद जागेला, म्हणजे नाट्यगृहाला, सभागृहाला, मेजवानीच्या हॉलला, रात्री दहाची बंदी लागू नाही, आवाज आतल्या आत राहिला म्हणजे झाले. हे योग्यच आहे. पुण्यातल्या नाट्यगृहात साडेनऊचा प्रयोग लागतो आणि साडेबाराला सुटतो, कुणी त्याला अडवत नाही. पण खेड्यात नाट्यगृह कुठे आहे? स्वातंत्र्याला पाऊणशे वर्षे होऊन गेली, आमच्या तालुक्यातल्या लहान गावांत शासनाने एकही बंदिस्त रंगमंदिर बांधलेले मी पाहिलेले नाही. आमचे नाट्यगृह म्हणजे देवळापुढचे पटांगण, त्याला भिंती नाहीत आणि छप्पर नाही. ज्याला शासनाने छप्पर दिले त्याचे नाटक पुरे होते, ज्याला दिले नाही त्याचे तुटते. हा भेदभाव कुणी मुद्दाम केलेला नाही हे मी जाणतो, पण तो आहे, आणि तो वर्षानुवर्षे खेड्याच्या वाट्याला येतो आहे.

खेळ लवकर सुरू करा, असा सल्ला आम्हाला नेहमी मिळतो. त्यावर आम्ही गावात पुष्कळ विचार केला आहे. चैत्रात सूर्य पावणेसातनंतर मावळतो. त्याआधी पटांगणात बसणे शक्य नाही, इतके ऊन असते. उन्हाळ कांद्याची काढणी याच दिवसांत चालू असते, संध्याकाळी धारा काढून दूध डेअरीला घालायचे असते. आणि पालखी फिरत असताना तमाशा सुरू करणे हे आमच्यापैकी कुणालाच पटणार नाही. आधी देव, मग करमणूक, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे.

मी पहाटेपर्यंत परवानगी मागत नाही. माझ्या वडिलांच्या काळी तमाशा झुंजूमुंजू होईपर्यंत चालायचा, हे मी ऐकत आलो आहे आणि त्याचा मला अभिमानही वाटतो. पण गावात आजारी माणसे असतात. शिवाय आमचा तालुका बिबट्याचा आहे. उसाच्या फडांमधून वाडीवस्तीवर परतणाऱ्या बायका-मुलांनी रात्री तीनला रस्त्यावर असू नये, असे मला वाटते. साडेनऊ ते बारा हे अडीच तास नीट मिळाले तर गण, आटोपशीर गौळण आणि आखीव वग त्यात बसतो. तसे वग बसवायला फड तयार होतील, वेळेची खात्री फक्त हवी.

डीजेच्या भिंतीबद्दलही स्पष्ट बोलतो, कारण माझ्या मागणीच्या आडून ती गावात शिरावी हे मला अजिबात नको आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या त्या खोक्यांनी घरांच्या काचा थरथरतात, छातीत धडधडते, जनावरे दावी तोडतात. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आवाज जास्तीत जास्त ७५ डेसिबलपर्यंत जावा, असे नियम सांगतात. डीजे ही मर्यादा दिवसाढवळ्याही मोडतो. ढोलकी, तुणतुणे, हलगी आणि नटाचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचवायला तेवढी भिंत लागत नाही. म्हणून शासनाने परवानगीतच अट घालावी : ज्या गावाने यात्रेत डीजे लावला त्याची बारापर्यंतची मुभा त्या वर्षी रद्द. आवाज मोजण्याचे यंत्र पोलिसांकडे असावे आणि ते खरोखर वापरले जावे. काही फडांनीही अलीकडे स्पीकर वाढवले आहेत. त्यांनाही हीच अट असावी.

यात्रेतल्या प्रथेसाठी शासनाने काहीच केले नाही, असे मी म्हणणार नाही. बैलगाडा शर्यतींचे उदाहरण ताजे आहे. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, वर्षानुवर्षे न्यायालयात बाजू लढवली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. आमच्या घाटांवर पुन्हा भिर्रर्र ऐकू आली तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. एका शर्यतीसाठी सगळे पक्ष एकत्र आले, विधिमंडळ एकत्र आले, वकील उभे राहिले. तमाशासाठी याच्या शंभराव्या हिश्श्याइतकेही करावे लागणार नाही. मग होत का नाही? बैलगाड्यामागे मालक आहेत, जमिनी आहेत, मते आहेत. तमाशामागे कोल्हाटी, मांग, महार, गोपाळ अशा समाजांतली कलावंत माणसे आहेत, जी मतदानाच्या दिवशीही कुठल्या तरी परगावी ट्रकमध्ये झोपलेली असतात. मला दुसरे कारण दिसत नाही.

तमाशावर बंदी आली होती असाही एक काळ होता. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून ती घातली. कलावंतांनी दाद मागितली. दत्तो वामन पोतदार यांच्यासारख्या इतिहास संशोधकाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बंदीऐवजी नियम आले. तमाशा त्यातून जगला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अमर शेख आणि अण्णाभाऊ साठे याच कलेच्या बळावर लाखोंच्या सभांपुढे उभे राहिले. तक्रार खरी असेल तर तिच्यासाठी नियम करावा आणि कला चालू ठेवावी, ही वाट शासनानेच दाखवलेली आहे.

थोडे फडांच्या हिशेबाविषयी. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात पुणे-नाशिक रस्त्यालगत फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे कारभारी येतात, राहुटीराहुटीत बसून बोलणी करतात, विसार देतात, सुपारी ठरते. सांगलीकडे विट्यालाही असाच बाजार भरतो. दसऱ्यापासून तंबू लावून तिकिटावर खेळ करणाऱ्या मोठ्या फडांत शंभराच्या आसपास माणसे असतात, पाच-सहा ट्रक असतात. तंबूचा धंदा आता तोट्यातच जातो. वर्षभराची देणी फिटतात ती यात्रांच्या या दीड-दोन महिन्यांत. कलावंतांना पावसाळ्यात दिलेली उचल, सावकाराचे व्याज, डिझेल, जेवणखाण, सगळे याच सुपाऱ्यांवर अवलंबून.

हा हंगाम किती वेळा बुडाला ते आठवून पाहा. २०२० चा पाडवा २५ मार्चला होता, देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला, आणि त्याच संध्याकाळी राज्यात नव्याने कडक निर्बंध जाहीर झाले. दोन वर्षे एकही राहुटी कमावती झाली नाही. ढोलकी वाजवणाऱ्यांनी भाजीच्या गाड्या लावल्या, नाचणाऱ्या मुली दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला गेल्या. लोकसभेची निवडणूक दर पाच वर्षांनी एप्रिल-मेमध्येच येते. २०१९ ला आली, २०२४ ला १९ एप्रिल ते २० मे असे पाच टप्पे महाराष्ट्रात झाले. त्या काळात पोलीस दुसरीकडे अडकलेले असतात, बंदोबस्त मिळत नाही, परवानग्या लांबतात. संकटे आणि निवडणुका कुणाच्या हातात नाहीत. पण ज्या वर्षी सगळे सुरळीत आहे त्या वर्षीही दहाच्या ठोक्यामुळे गावे म्हणू लागली आहेत, अर्ध्या खेळासाठी एवढी सुपारी कशाला, त्यापेक्षा ऑर्केस्ट्रा आणू, डीजे आणू. एकेक गाव असे गळते तेव्हा एकेका फडाची एकेक रात्र रिकामी जाते.

परवानगी देताना शासनाने गावांकडूनही काही घ्यावे, आणि हे मी गावाचा माणूस म्हणून लिहितो. रात्रभर प्रवास करून सकाळी फड गावात उतरतो तेव्हा बायकांना आंघोळीला आडोसा नसतो, शौचालय नसते. भर उन्हात ट्रकखाली पडून त्या झोप काढतात, आणि रात्री त्यांनीच हसतमुखाने उभे राहावे अशी आमची अपेक्षा असते. शाळेच्या दोन खोल्या, पाण्याचा टँकर आणि स्वच्छतागृह एवढे तरी गावाने फडाला दिलेच पाहिजे. दारू पिऊन रंगमंचाकडे धावणारे, खडे मारणारे चार टवाळ प्रत्येक गावात असतात. त्यांची नावे गावाला माहीत असतात आणि त्यांना आवरणे हे आधी कमिटीचे काम आहे, मग पोलिसांचे. बंदोबस्तात महिला पोलीस असावी. सुपारीची पूर्ण रक्कम पडदा उघडण्याआधी फडाच्या हाती पडावी, म्हणजे मध्यरात्री हात जोडायची पाळी कुणावर येणार नाही. या अटी परवानगीच्या कागदावरच छापा आणि न पाळणाऱ्या गावाला पुढच्या वर्षी मुभा देऊ नका. आमच्या कमिटीपुढे मी हेच म्हणणे मांडले आहे. तरुण मंडळींपैकी काहींना ते कडक वाटले, पण एकानेही ते चूक आहे असे म्हटले नाही.

आज एका यात्रेच्या खेळासाठी ग्रामपंचायतीचा दाखला, पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाचा परवाना, तात्पुरती वीजजोडणी अशा वेगवेगळ्या दारांत जावे लागते. कमिटीची माणसे शेतकरी असतात, त्यांचे आठ दिवस यात जातात. तहसील कार्यालयात एकच अर्ज घेण्याची सोय यासोबत झाली तर उपकार होतील. पण तेवढ्यासाठी मुख्य काम थांबू नये.

मुख्य काम अधिसूचनेचे आहे, आणि ती कधी निघते याला महत्त्व आहे. गुढीपाडव्याला सुपाऱ्या ठरतात. ती पाडव्याआधी महिनाभर निघाली तर गावे राहुटीत बसतानाच साडेनऊ ते बारा ही वेळ आणि वगाचे नाव करारात लिहून घेतील, फडांना वग बसवायला सवड मिळेल, नटांना आधी निरोप जाईल. पाडव्यानंतर निघाली तर तिचा त्या हंगामात काही उपयोग नाही. म्हणून आपण पर्यावरण आणि गृह या दोन्ही विभागांच्या सचिवांसोबत एक बैठक या थंडीतच बोलवावी, तिला फडमालकांचे, कलावंत महिलांचे आणि यात्रा कमिट्यांचे प्रतिनिधी बोलवावेत आणि आमच्या गावांची यादी मागवून घ्यावी, ही कळकळीची विनंती. आमच्या ग्रामसभेचा ठराव तयार आहे. तहसीलदारांनी मागितला त्या दिवशी तो आम्ही नेऊन देऊ.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक ग्रामस्थ